कोपर आत

वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी कॉलेजने त्यांचे कागद जतन करायचं ठरवलं, आणि ते लावून द्यायचं काम ओघानेच ताईकडे आलं. कारण ती सरांची एकुलती एक मुलगी होती आणि त्याच कॉलेजची ग्रंथपालही. सर म्हणजे तिचे वडील. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक आणि धावण्याच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म त्या मैदानावर काढला होता. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत, आणि घरातही आई कधीकधी तेच म्हणून जायची.

ताईच्या हृदयाला जन्मापासून बारीकसं छिद्र होतं. निदान घरात तसं सांगितलं जाई. त्यासाठी वडिलांनी तळमजल्यावरचं घर घेतलं होतं, शाळेला चिठ्ठी देऊन तिचा खेळाचा तास कायमचा माफ करून घेतला होता, आणि चाळिशी उलटली तरी जिना चढताना ती दर वळणावर थांबायची. जगातल्या लोकांच्या पोरांना पळवणाऱ्या माणसाची मुलगी स्वतः कधी पळाली नाही, याचं लोकांना नवल वाटे. वडील ते हसण्यावारी नेत. "ग्रंथपालाला कशाला पळायला हवं," ते म्हणत, "पुस्तकं काही पळून जात नाहीत."

कागद जिमखान्याच्या मागच्या खोलीत, एका लोखंडी कपाटात कोंबलेले होते. चामड्याचा, चुन्याचा आणि कोंडलेल्या घामाचा वास त्या खोलीतून कधी गेला नव्हता. सरावाची वेळापत्रकं, वर्तमानपत्रांची पिवळी कात्रणं, उडीच्या खड्ड्यातली वाळू बदलावी म्हणून ऑफिसशी घातलेले वाद, असं एकेक बाहेर येत गेलं. घरी फारसं न बोलणारा तिचा बाप इथे कागदावर तावातावाने भांडत होता, चेष्टा करत होता, आणि ताईला ते वाचताना पहिले काही दिवस खरोखर मजा आली.

मग चित्रं सापडली. धावपटूंच्या चुका दाखवायला वडील पेन्सिलीने आकृत्या काढत. डोक्याच्या जागी गोल, हातापायांच्या जागी रेघा आणि खाली दोन शब्दांची सूचना. चेहरा कुणालाच नसे. पण एक आकृती पुन्हा पुन्हा येत होती. ही धावताना डावं कोपर पंखासारखं बाहेर टाकायची, आणि खाली दर वेळी एकच सूचना होती, 'कोपर आत'. ही चित्रं बाकीच्यांपेक्षा सावकाश काढलेली होती. पुढेपुढे तिला केस आले, हनुवटी आली. शेवटच्या चित्रातल्या चेहऱ्याकडे ताई बराच वेळ पाहत राहिली, आणि मग बाप लेकीलाच डोळ्यांपुढे धरून चित्र काढणार, दुसऱ्या कुणाला धरणार, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

ती समजूत दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकली. कात्रणांखालच्या पाकिटात एक फोटो होता. अंतिम रेषेवरची फीत छातीवर घेणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी, डावं कोपर बाहेर, तोंड उघडं. तो चेहरा ताईचा होता. भुवईतला खंडही तोच, जो तिला लहानपणी पाळण्याच्या कडीने पडला होता.

फोटो घेऊन ती हल्लीच्या प्रशिक्षकाकडे गेली. तो वडिलांचाच विद्यार्थी, कॉलेजात तिच्याच वर्षाला असलेला. हा फोटो कुणाचा, असं तिने अगदी सहज विचारलं, तेव्हा ती विनय दाखवते आहे असं वाटून तो हसला. तुम्ही कायम पुढे असायच्या, आमच्या वाट्याला नुसती तुमची पाठ यायची, असं म्हणाला. आपण कधी मैदानात पाऊलही टाकलेलं नाही, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्याआधीच त्याने आवाज खाली आणून विचारलं, "सरांनी तुम्हाला एकाएकी थांबवलं का हो? कुणाची छाती झाली नाही तेव्हा विचारायची."

ताईने आईला काही न सांगता हृदयरोगतज्ज्ञाची वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर तिचं हृदय पाहिलं, यंत्र छातीवर पुन्हा एकदा फिरवलं, आणि छिद्राची खूण कुठेच नाही म्हणाल्या. हृदय उत्तम होतं. उलट जरा मोठंच होतं, ठोके संथ, वर्षानुवर्षं मेहनत केलेल्या खेळाडूचं असतं तसं.

"रोज धावता ना?" त्यांनी विचारलं.

ताईने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे तिचं तिलाच कळलं नाही.

घरी आई मटार सोलत बसली होती. आईचं डोकं अजून लख्ख होतं. दूधवाल्याने महिन्यात कधी खाडा केला हे ती न अडखळता सांगे. ताईने फोटो तिच्यासमोर ठेवला. आईने हात पुसले, फोटो कडेने उचलून पाहिला आणि पालथा ठेवला.

"ही मी आहे का?" ताईने विचारलं.

"तू कधी पळालीस?"

"नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली आणि पुन्हा सोलू लागली. थोड्या वेळाने ताईच्या ध्यानात आलं, ती सालं वाडग्यात टाकत होती आणि दाणे कचऱ्यात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, संघातली मुलं पांगल्यावर, ताई मैदानावर गेली. एक फेरी नुसती चालायची, एवढंच तिने ठरवलं होतं. चपला काढून ती आखलेल्या पट्ट्यात उभी राहिली. तांबडी माती अजून कोमट होती. चालता चालता टाचा कधी उचलल्या गेल्या ते तिला कळलं नाही, कळलं तेव्हा वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं. आता छाती फुटेल, आता फुटेल, म्हणून ती जीव मुठीत धरून वाट पाहत होती आणि छाती मात्र शांत, संथ चालली होती. वळणावर तिने थांबायचं ठरवलं. पाय थांबले नाहीत. तिने पुन्हा ठरवलं, या वेळी जवळजवळ विनवणी केली, पण पायांना पल्ला ठाऊक होता आणि ते तो पुरा करणार होते. सरळ पट्ट्यात तिचं डावं कोपर बाहेर गेलं, आणि कुणीतरी हळूच बोट लावावं तसं आत आलं. रेषा ओलांडल्यावरच पाय उभे राहिले. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

चपला तिथेच राहिल्या. ती अनवाणी घरी आली, तेव्हा घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं गेलं. आईने तिचे मातीने माखलेले पाय पाहिले, कपाळाला चिकटलेले केस पाहिले, आणि आईचा जन्मभर आवळून धरल्यासारखा चेहरा ताईच्या डोळ्यांदेखत सैल झाला. एवढा आनंद तिने त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"किती वाट पाहायला लावलीस," आई म्हणाली. तळहाताने तिने तिचं कपाळ पुसलं, हाताला धरून आत घेतलं, आणि दार लावण्याआधी तिच्या खांद्यावरून रिकाम्या रस्त्याकडे पाहत सहज विचारलं,

"आणि ताई कुठे राहिली?"