पाच रंगांचे कप

इत्सेल फक्त मोठ्यांनी बघायचे, पैसे भरून बघायचे व्हिडिओ बनवते. कपडे उतरवायचं काम तिचं, उसवलेले शिवायचं माझं. व्हॅन नायसच्या आमच्या गल्लीत याच धंद्यातली अजून दोन घरं आहेत; कुणी वळूनही बघत नाही. अक्षरं मी साठीला शिकले. तिच्या गिऱ्हाइकांची पत्रं मी बोट फिरवत वाचते आणि ती कॉफी घेत ऐकते. मला ती मानाने 'दोन्या' म्हणते, म्हणजे बाईसाहेब.

या वसंतात तिचा प्रत्येक व्हिडिओ विक्रीला लागला की तासाभरात फुकट साइटवर दिसू लागला. दोनशे वर्गणीदारांतले साठ गळाले.

"अजून पन्नास गेले की मी आईच्या दुकानात फरशा विकणार," इत्सेल म्हणाली. "फुकट मिळतंय तर पैसे कोण भरेल, दोन्या?"

"नळाला पाणी फुकट आहे, तरी लोक बाटली घेतातच ना, पोरी?"

"पण माझ्या बाटलीतलंच पाणी त्यांच्या नळाला येतंय!"

चोरीवर नजर ठेवायला तिने एक राखणदार कंपनी लावली होती. ते साइटला नोटीस धाडायचे. एक प्रत उतरायची, दुसरी चढायची. पण पहिली चढवतो कोण, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

पूर्वी मी शिवणकारखान्यात होते. तिथे प्रत्येक टेबलाच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचे, म्हणजे वाईट शिवण कुणाची ते कळे. मी म्हटलं, इथेही दोरा बांधू. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला इत्सेल गाऊन घालून टेबलाशी बसते आणि नमस्कार करते. तो नमस्कार आम्ही पाच वेळा टिपला, दरवेळी हातात वेगळ्या रंगाचा कप. वर्गणीदारांचे पाच गट केले, प्रत्येक गटाला एक रंग.

व्हिडिओ विक्रीला लागला. दोघी पडद्याला नाक लावून बसलो.

"लाल निघणार बघ," ती म्हणाली. "लाल गटात तो 'माझी राणी, माझी राणी' लिहिणारा आहे. मेला फारच गोड बोलतो."

"मला तर निळ्यातला तो दंतवैद्य वाटतो. नुसत्या शंका विचारतो."

तासाभरात फुकट साइटवर नमस्कार सुरू झाला. इत्सेलचे दोन्ही हात टेबलावर, रिकामे. कपच नाही.

"हे मी कुठल्याच गटाला पाठवलं नाही," ती पुटपुटली.

"मी आत कप धूत होते, तेव्हा तू एकदा करून बघितलंस ना? तेच आहे हे."

"ते तर मी..." ती थांबली.

विकण्याआधी एक दिवस प्रत्येक व्हिडिओ राखणदार कंपनीकडे जातो, चोरीला गेल्यावर ओळखता यावा म्हणून. चार वर्षांची सवय. त्या दिवशीही तिने पहिला जमला तो तुकडा जोडून पाठवून दिला होता. रंग वाटताना राखणदार आमच्या ध्यानातच आला नव्हता.

"म्हणजे चोरीही यांची आणि नोटिसाही यांच्याच!" ती हसली. त्याच दुपारी तिने कंपनी सोडली.

पुढचा व्हिडिओ पुन्हा पाच कप घेऊन, पण कुणालाही आधी न दाखवता लावला. एक तास गेला, काही नाही. संध्याकाळ झाली, काही नाही. सातव्या दिवशी फुकट साइटवर इत्सेल पुन्हा नमस्कार करताना दिसली. हातात पिवळा कप होता.

"अठ्ठावीस जणांतला एक," मी म्हटलं.

"आठवडाभर तरी थांबला बिचारा," ती म्हणाली, आणि नवे कप आणायला गाडीची किल्ली शोधू लागली.