स्लॅगमधलं तांबं

कवडू मिस्त्रीचं नाक आधीच वर, त्यात तांब्याच्या भट्टीवर बावीस वर्षं काढलेली. ज्वाळेचा नुसता रंग पाहून माल कधी उतरवायचा ते तो सांगायचा. पण परवा मालकाने ठणकावलं, भट्टीतून निघणाऱ्या काळ्या कचऱ्यात, म्हणजे स्लॅगमध्ये, एक टक्क्याच्या वर तांबं वाया जात असेल तर भट्टी दुसऱ्याच्या हाती देईन.

आणि नंदनवन भागातल्या प्रयोगशाळेचा आकडा आला सहा!

कवडू तडक तिथे जाऊन धडकला. "काहून वं पोरी, सहा? माह्या बापानं पाहिलं नाही इतकं तांबं स्लॅगमध्ये!"

केमिस्ट हर्षाने विचारलं, "काका, नमुना पूड होऊनच आला होता. कुटला कोणी?"

"म्याच. तुमच्या लोकायवर भरोसा नाही मले. बायकोच्या पितळी खलबत्त्यात कुटला. चिंचेनं घासून घेतला होता आधी!"

हर्षाने कपाळाला हात लावला. पितळ म्हणजे अर्ध्याहून जास्त तांबंच की! दगडासारखी स्लॅग कुटता कुटता खलबत्ताच पुडीत उतरला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

कवडू मात्र खुलला. "मंग माही भट्टी चांगली हाये!" त्याने खिशातून उरलेला खडा काढला. तो लोखंडी खलात कुटला गेला, ॲसिडमध्ये विरघळला, औषधं पडली आणि चंचुपात्रातलं पाणी गडद निळं झालं. आता नळीतून थेंब सोडत जायचे. जितके थेंब निळा रंग घालवायला लागतील, तितकं तांबं.

"कधी गेला ते मी सांगतो," कवडू बाह्या सरसावत म्हणाला. "रंगात मले कोणी शिकवू नये."

थेंब पडू लागले. "थांब! गेला निळा!"

"नाही काका, आहे अजून."

"कुठी वं?"

टेबल पुसणारी सोनिका डोकावली. "शाईवानी निळा तर हाये, काका!"

कवडूने चष्मा पुसला, पात्र खिडकीशी नेलं, तिरपं करून पाहिलं. त्याला दिसलं ते मळकट पिवळं. मग त्याला आठवलं. वर्षभर ज्वाळाही अशीच पिवळट दिसत होती, आणि हा पठ्ठ्या कोळसाच खराब म्हणून कोळसेवाल्याशी भांडत बसला होता!

हर्षाने आणखी तितकेच थेंब सोडले, तेव्हा कुठे पाणी दुधी झालं. आकडा आला एक पूर्णांक आठ दशांश.

"अन् मी म्हटलं तिथीच थांबलो असतो तं?"

"पॉइंट नऊ."

म्हणजे पास. कवडूने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. मग त्याने मालकाला फोन लावला.

"मालक, भट्टीवर माह्या हाताखालच्या सौरवले बसवा. मले डोये दाखवाले जायचं हाये."

"अरे पण तांबं किती निघालं?"

"एक पूर्णांक आठ. बिलकुल बरोबर हाये. म्या नाही पाहिलं, पोरीनं पाहिलं."