रोल भरल्याशिवाय

पेठ वडगावात लालासाब फोटोवाल्याचं नाव काढलं की निम्म्या गावाला आपलं लग्न आठवतं, आणि उरलेल्या निम्म्याला आपला न आलेला फोटो. त्याचं कारण आधीच सांगून टाकतो. रोल छत्तीस फोटोंचा आणि वऱ्हाड चारशेचं. नवऱ्याच्या मामापासून वाढप्यापर्यंत जो तो म्हणणार, "आमचा बी एक मारा की!" नाही म्हणावं तर मांडवातच हमरीतुमरी. म्हणून लालासाबच्या गळ्यात दोन कॅमेरे असायचे, एक भरलेला आणि एक रिकामा. असल्या हौशी पावण्यांसाठी रिकाम्याचा नुसता फ्लॅश मारायचा. पावणं खूश! महिन्याभरानं कोणी विचारलंच तर, "त्यो रोल जळला, पावणं."

तर विकायला काढला होता तो हा रिकामा कॅमेरा. भरलेला कधीच बिघडून भंगारात गेला, आणि जन्मभर खोटं बोललेला मात्र ठणठणीत उरला. जगाची रीतच आहे म्हणा.

विकायला काढला होता शमशादनं, लालासाबच्या लेकीनं. बापाच्या स्टुडिओत तिचं आता झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं दुकान होतं. नवं प्रिंटिंग मशीन यायचं होतं आणि कॅमेरा ठेवलेलं काचेचं कपाट नेमकं त्याच्या जागेत. कोल्हापूरचा राजवर्धन नावाचा पोरगा असले रोलचे कॅमेरे हुडकत फिरायचा, घरीच रोल धुवायचा. त्यानं भाव चांगला सांगितला. शमशाद म्हणाली, न्या.

पण तिला एक गोष्ट राहून राहून खटकत होती. अब्बा गप्प होते. ऐंशी वर्षांचा हा माणूस चहात साखर कमी पडली तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा. आणि कॅमेऱ्याचं विचारलं तर तीन आठवडे हूं की चूं नाही. शमशादचा स्वभाव पहिल्यापासून चौकस. कोणी काही मनात दडवलंय असं वाटलं की तिला झोप यायची नाही. तिनं एकदा विचारलं, एकदा भांडून विचारलं, एकदा मटणाचा रस्सा पुढ्यात ठेवून विचारलं. म्हातारा रस्सा ओरपून कुशीवर वळला.

रविवारी राजवर्धन आला. कॅमेरा हातात घेऊन त्यानं उलटसुलट बघितला, भिंगावर फुंकर मारली, आणि आतला शटरचा पडदा बघायला म्हणून मागचं झाकण उघडायला नख घातलं.

"ए! हात काढ!"

दारातल्या खुर्चीवरनं लालासाब असा ओरडला की समोरच्या चहाच्या गाड्यावरची माणसं वळून बघायला लागली.

राजवर्धननं हात काढला. मग काहीतरी सुचून वरची गुंडाळायची चकती त्यानं दोन बोटांत धरली आणि अलगद फिरवली. रिकाम्या कॅमेऱ्यात ती गरागरा फिरते. ही थोडी फिरली आणि अडली.

"काकी, आत रोल हाय की! झाकण उघडलं असतं तर उजेडानं सगळा गेला असता," तो म्हणाला. "आणि आकडा सातावर हाय. सात फोटो काढल्यात."

"ह्यात कुठला रोल?" शमशाद म्हणाली. "सगळ्या गावाला ठावं हाय, ह्यो रिकामा हाय म्हणून." आणि ती बापाकडं वळली. "अब्बा?"

लालासाबनं टोपी काढली, परत घातली. आता सुटका नव्हती.

"तुझी अम्मा," तो म्हणाला. "दर ईदला नवी साडी नेसून हुबी ऱ्हायची. माझा फोटो काढा म्हणायची. मी ह्याच्यानं नुसता फ्लॅश मारायचा. रोल म्हाग, घरच्या माणसावर कशाला घालवायचा? तिला वाटायचं, काढला."

"आणि तिला कळलं."

"कवाच कळलं असणार! माझ्या कॅमेऱ्यात रोल तीच घालून द्यायची की. मी लग्नाची कामं सोडली त्या वर्षी ईदला कॅमेरा उचलला, फ्लॅश मारला, रोल फुडं सरकवायचा खटका वढला, तर अंगठ्याला घट्ट लागला. बघतो तर खटक्याबरोबर वरची चकती आपसूक फिरतीया, म्हंजी आत रोल. बाईनं गुपचूप घालून ठेवलाता. मीबी काय बोललो न्हाय, तीबी न्हाय. सात ईदा झाल्या. आठवीच्या आधी गेली."

सगळ्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्याच्या घरात अम्माचा फोटो म्हणून होता तो मतदान कार्डावरचा, आणि त्यातला चेहरा आपलाच आहे हे अम्मालाही ओळखता आलं नव्हतं. अम्मा गेल्यापासून चौदा वर्षं शमशाद तिचा खरा चेहरा डोळे मिटून आठवत होती, आणि अलीकडं तो नीट आठवत नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"चौदा वर्षं! धुतला का न्हाई?" ती कडाडली.

"रोल भरल्याशिवाय धुवायचा नसतो."

"अब्बा, आग लागू दे तुमच्या कंजूषपणाला!"

"कंजूषपणा न्हाय गं." म्हाताऱ्याचा आवाज उतरला. "भ्या वाटतंय. धुतला आन कायच आलं न्हाय तर? आत हाय, तवर हाय तरी. इकू नको म्हणलं असतं, तर का म्हणून तू इचारलंच असतंस."

राजवर्धन चाचरत म्हणाला, "चाचा, ब्लॅक अँड व्हाइट रोल असंल तर येत्यात फोटो. जरा धुरकट. पण जेवढा उशीर तेवढं पुसट हुणार."

शमशादनं त्याच्या हातातनं कॅमेरा काढून घेतला आणि गळ्यात अडकवला.

"कॅमेरा विकायचा न्हाय," ती म्हणाली. "मशीन बसंल कुठंतरी. तुम्ही पुढच्या रविवारी या, रोल धुवायला. तवर भरतो आम्ही. उठा अब्बा, उन्हात बसा."

"माझा? माझा कशाला? मी कवा पुढं हुबा ऱ्हायलोय?"

"म्हणूनच. सातव्या फोटोत अम्मा. आठव्यात तुम्ही. फिल्मवर तिच्या शेजारी येणार. तुमचा दोघांचा एकत्र फोटो हाय का एक तरी?"

नव्हता. लालासाब मुकाट्यानं उठला. पायरीवरच्या उन्हात खुर्ची ओढून बसला, गळ्याचं बटण लावलं, आणि हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं तो स्वतःच पुटपुटला, "मान वर, हात गुडघ्यावर."

शमशादनं बटण दाबलं आणि खटका ओढला.

"फिरली का गं चकती?" लालासाबनं विचारलं.

"फिरली, अब्बा."

"बघ नीट. फसवू नको म्हाताऱ्याला."

"फिरली," शमशाद म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.