वरचं गाणं, खालचं गाणं

बाईंचा हात थरथरायचा, त्यामुळे माऊस काही धड धरता येईना. म्हणून भाच्याने त्यांना संगणकाच्या काळ्या चौकटीत आज्ञा टाइप करायला शिकवलं होतं. गायनमंडळाची सगळी गाणी त्याने आत भरून दिली होती, म्हणजे हल्ली मंडळ चालवणाऱ्या धाकटीच्या फोनवरची. जुन्या टेप बाईंनी मागाहून दुपारी निवांत चढवल्या. टेप लावायची आणि शेंगा सोलत बसायचं.

"मावशी, यात तारखा दोन असतात," भाचा म्हणाला होता. "गाणं आत टाकल्याची तारीख ते आपोआप घेतं. गायल्याची मात्र हाताने भरावी लागते."

"भरते की सावकाश!" बाई म्हणाल्या होत्या. ते सावकाश काही उजाडलं नाही.

मंडळ बाईंनी तीस वर्षं चालवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा ते धाकटीकडे गेलं. धाकटी म्हणजे त्यांच्याच हाताखाली वाढलेली मुलगी. मंडळात सगळ्यांत लहान होती, ते नाव चिकटलं ते चिकटलं. तेव्हापासून बाईंच्या तोंडी एकच पालुपद: "पोरीने मंडळाची पार रया घालवली."

आता वर्धापनाचा कार्यक्रम कोण बसवणार ते बैठकीत ठरायचं होतं. बाईंनी आदल्या दिवशी सकाळी आज्ञा दिली: नदीचं गाणं शोध, तारखेप्रमाणे लाव, जुनं वर. मंडळाची सुरुवात दरवर्षी याच गाण्याने व्हायची. काळ्या चौकटीत एकाखाली एक ओळी सरसरत आल्या.

सगळ्यांत वरचं गाणं लावलं आणि बाईंचे डोळे भरून आले. काय स्वच्छ सूर! आमच्या वेळची यंत्रंसुद्धा चांगली, त्या मनाशी म्हणाल्या. मग सगळ्यांत खालचं लावलं. पहिल्याच कडव्यात सूर घसरलेला, वर खरखर. त्या खरखरीचं खापरही त्यांनी धाकटीवर फोडलं आणि पुढचं ऐकलंच नाही.

बैठकीत आधी वरचं वाजलं. "व्वा!" शिंपीकाका म्हणाले. जाडाभरडा आवाज लावणारे मंडळातले सर्वांत जुने गडी ते.

"हे पूर्वीचं. आता हल्लीचं ऐका," बाई म्हणाल्या.

खालचं सुरू झालं. कोणी घसा खाकरला, कोणी खुर्ची सरकवली. धाकटीने मान वर केली, थोडं ऐकलं आणि लगबगीने पुढे आली.

"बाई, बास की आता. कळलं सगळ्यांना. माझ्याने नाही होत, तुम्हीच बसवा कार्यक्रम."

"का गं? झोंबलं? संपू दे. कानाला लागू दे जरा!"

गाणं रखडत रखडत संपलं. क्षणभर नुसती खरखर. आणि मग बाईंचाच आवाज, तरणाताठा, ठणठणीत: "शाब्बास! असंच गात राहा!"

शिंपीकाकांनी तोंडावर रुमाल धरला, तरी बोललेच, "बाई, हे तर तुमचंच पिल्लू निघालं की हो!"

हशा झाला. बाईंची कानशिलं तापली. भाच्याच्या दोन तारखा आत्ता आठवल्या. यादी लागली ती आत टाकल्याच्या तारखेने; जुन्या टेप मागाहून चढवलेल्या, म्हणून त्या खाली. वरचं, डोळ्यांतून पाणी काढणारं, ते धाकटीचं.

"टेप जुनी आहे," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "जुन्या टेपवर सूर उतरतात."

पोरीने सुरुवातीलाच ओळखलं होतं. त्या टेपवर लहानपणीची ती स्वतः गात होती. बाईंची लाज झाकायला ती कार्यक्रमसुद्धा सोडून द्यायला निघाली होती. हसण्यापेक्षा बाईंना तेच जास्त लागलं. टेपने सूर उतरले तर सगळ्यांचे एकदम उतरतात, एकेकाचे नाही. तिला हे शिकवलं होतं ते बाईंनीच.

"टेपला कशाला बोल लावतेस?" बाई म्हणाल्या. "आमचेच उतरले होते. आणि मी शाब्बास म्हणाले होते." मग कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "कार्यक्रम हीच बसवेल. लिहून घ्या."

लोक पांगले. बाई काळी चौकट मिटायला गेल्या, पण बोट भलत्याच कळीवर पडत राहिलं. धाकटीने मागून हात घालून ती मिटली.

"तुम्ही गाल ना बाई? पहिल्या रांगेत?"

"मागच्या रांगेत उभी कर," बाई म्हणाल्या. "आणि सूर उतरले की सांग. शाब्बास म्हणू नकोस."