ठेवलेला पंप

दुकानात दम्याचा पंप एकच उरला होता, आणि तो दुकानात नव्हताच, असं ताईंचं म्हणणं. ऐकणाऱ्याला हे खुळ्यासारखं वाटेल, पण ज्यानं औषधाच्या दुकानात चार वर्षं काढली आहेत त्याला ते बरोबर कळेल. कुणाच्या तरी नावानं बाजूला काढलेली वस्तू म्हणजे विकलेली वस्तू. ती डोळ्यांना दिसते, हाताला लागते, पण आपली नसते. ताईंच्या सासऱ्यांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा हा नेम. एखादं औषध बाजारात तुटायला लागलं की नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी एक नग मागच्या फळीवर, कापसाच्या गुंडाळ्यांच्या आड जायचा, आणि ज्याचा त्यानं येऊन नेईपर्यंत तिथून हलायचा नाही. प्रत्यक्ष राजा दारात उभा राहिला तरी नाही, असं सासरे म्हणायचे. राजा कधी आला नाही. सासरे गेले, नेम तेवढा राहिला.

साथ आली आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी शटर ओढलं. 'फक्त फोनवर' अशी पाटी लावली, आणि फोन काही उचलला जाईना. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, जीव कुणाला नको असतो? पण माणसांनी जायचं कुठे? तर जिथे अर्धं का होईना शटर उघडं दिसतंय तिथे. तोवर ताईंचं काम म्हणजे चिठ्ठी वाचायची, औषध काढायचं, सकाळ-संध्याकाळ समजावून द्यायचं, की झालं. आता लोक चिठ्ठीविना यायला लागले. कुणी फुटपाथवरूनच आ वासून घसा दाखवायचं, कुणी फोन आईच्या छातीशी धरून म्हणायचं, ऐका ताई, घरघर येतेय का. ताई बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजायच्या, म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या सहीनं पुढे चालू ठेवायच्या, कुणी दवाखाना गाठायचा आणि कुणी घरीच पडून राहायचं तेही सांगायच्या. वरून तसा हुकूमच आला होता, की डॉक्टर मिळेपर्यंत औषधवाल्यांनी बघावं. हुकूम आला, त्याच्यासोबत हातमोज्यांची एक जोडी मात्र आली नाही.

ताईंचे यजमान परगावी अडकलेले. घरात आणि दुकानात माणसं म्हणजे त्या आणि त्यांच्या सासूबाई. सासूबाईंनी खुर्ची दारात मांडली आणि हातातल्या काठीनं रांग लावायला घेतली. दोन माणसांत एक काठी अंतर, कमी पडलं की काठीचं टोक पोटरीला. शक्तीच्या गोळ्यांसाठी रोज येणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी सरळ सांगितलं, की तुम्हाला गोळ्या नकोत, गप्पा हव्यात, आणि त्या आमच्याकडच्या संपल्यात. रांगेत तेवढंच हसू फुटायचं. एरवी रांगेत हसण्यासारखं काही उरलं नव्हतं, काल उभं असलेलं माणूस आज का दिसत नाही हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं.

मागच्या फळीवरचा पंप घड्याळजींचा होता. घड्याळजींचा दमा जन्माचा सोबती. सासऱ्यांच्या काळापासून ते याच दुकानात यायचे आणि आले की कुणी न सांगता स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे, काटा सारखा करायचे. पैसे द्यायला गेलं तर रागवायचे. पंपांचा तुटवडा सुरू झाला तसा ताईंनी शेवटचा एक त्यांच्यासाठी कापसाआड ठेवला आणि निरोप द्यायला फोन केला. फोन नुसता वाजत राहिला. मुलाकडे गेले असतील, येतील, असं म्हणून ताई कामाला लागल्या.

अशात एका दुपारी रंगारी आला. ताईंनी त्याला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर फडकं बांधलेलं, त्यामुळे दिसले ते डोळे आणि काउंटरवर टेकलेले हात, नखांच्या कडांना पांढरा रंग बसलेला. पुलापलीकडून धावत आला होता. बायकोला दमा, पंप सकाळीच संपलेला, दवाखान्याचा फोन लागत नाही, रुग्णवाहिकेचे गाडीवाले म्हणतात संध्याकाळपर्यंत बघू. वाटेतली तीन दुकानं बंद. एवढं सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि मग म्हणाला, एक पंप द्या.

ताईंचा हात मागच्या फळीकडे गेला होता, ही गोष्ट खरी. अर्ध्यात गेला आणि थांबला. दारातून सासूबाई बघत होत्या. आणि ताईंच्या डोळ्यांसमोर घड्याळजी आले, स्टुलावर चढलेले, धापा टाकत किल्ली देणारे.

"नाहीये हो," ताई म्हणाल्या.

हे म्हणताना आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंसुद्धा नाही. ठेवलेलं म्हणजे विकलेलं, विकलेलं म्हणजे नाही. त्यांनी त्याला गोळ्या दिल्या, बायकोला खिडकीशी बसतं करा, पुढे वाकवा, उशी पोटाशी द्या, सगळं नीट समजावलं. त्यानं सगळं लहान मुलासारखं मागे म्हणून दाखवलं. मग विचारलं, पुढे आणखी दोन दुकानं आहेत, तिकडे जाऊन येऊ का?

ताईंनी सकाळीच ठोक व्यापाऱ्याला फोन केला होता. अख्ख्या गावात पंप नाही, असं तो छातीठोकपणे म्हणाला होता. "कुठेच मिळणार नाही," ताई म्हणाल्या. "उगाच फिरत बसू नका. त्यांना अशा वेळी एकटं ठेवू नका. घरी जा."

"बरं ताई," तो म्हणाला आणि पळाला.

त्या रात्री जेवताना ताईंनी सासूबाईंना विचारलं, की द्यायला हवा होता का. सासूबाई म्हणाल्या, उद्या घड्याळजी दारात उभे राहिले तर कोणत्या तोंडानं नाही म्हणणार होतीस? ताईंनी ताट उचलून ठेवलं.

घड्याळजी आले नाहीत, त्यांची सून आली. हातात एक पिशवी. उरलेली औषधं परत द्यायला आले, म्हणाली, कुणाच्या कामी येतील तर बघा. दवाखान्यात नेलं ते नेलंच, शेवटचं बघूही दिलं नाही. ताईंनी विचारलं कधी, आणि सुनेनं सांगितलं. रंगारी दुकानात आला त्याच्या आठवडाभर आधी.

मेलेल्या माणसासाठी पंप राखून ठेवला आणि जित्या माणसाला रिकाम्या हातानं घालवलं. त्यांनी तो पंप कापसाआडून ओढून काढला आणि पुढच्या फळीवर आणून आपटला. तासाभरात कुणीतरी नेला. कुणी, तेसुद्धा त्यांच्या लक्षात राहिलं नाही. रंगाऱ्याला शोधावं तर नाव ठाऊक नाही, पत्ता नाही, पुलापलीकडे अर्धं गाव पसरलेलं. रोज काम करता करता ताई मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईला बरं करायच्या. गोळ्या लागू पडल्या असतील. गाडी वेळेत आली असेल. संध्याकाळी उठून तिनं नवऱ्याला हात धुवायला लावले असतील.

पुढे लस आली, आणि ती टोचायचं कामही औषधवाल्यांच्या गळ्यात पडलं. ताईंनी शिकून घेतलं. मागच्या कोठीतले खोके हलवून तिथे एक खुर्ची मांडली, आड जुनी चादर बांधली. टोचून घेतलं की बाहेर येऊन पाव तास बसायचं, चक्कर आली तर कळावी म्हणून. बाहेरच्या खुर्च्या सासूबाईंच्या काठीच्या मापानं लांब लांब मांडलेल्या. वेळ भिंतीवरच्या घड्याळावर बघायची. ते हल्ली मागे पडत होतं, कारण स्टुलावर चढणारं कुणी उरलं नव्हतं.

एका सकाळी कॉलेजच्या वयाची एक मुलगी आली. टोचून घेतलं, चकार शब्द बोलली नाही, बाहेर जाऊन टोकाच्या खुर्चीत बसली. तिच्यामागून तिचे वडील आत आले आणि बाही वर सारून बसले. ताईंचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. नखांच्या कडांना पांढरा रंग.

हाताला सवय झालेली, सुई नीट गेली. प्रत्येकाला विचारायचा प्रश्न त्यांनी यालाही विचारला, घरात अजून कुणी टोचायचं राहिलंय का?

"नाही. आता आम्ही दोघंच," रंगारी म्हणाला.

ताई बोळा धरून तशाच उभ्या राहिल्या. दंड दाबून धरायचा असतो हे सांगायचंही विसरल्या. तो मात्र बोलायला लागला. त्याला वाटत होतं, ताईंना आपण आठवत नसू, रोजची एवढी माणसं. त्यानं तो दिवस पुन्हा सांगितला, अगदी पोटाशी द्यायच्या उशीसकट. गाडी आली तेव्हा उशीर झाला होता. ते झालं ते झालं, म्हणाला, पण पोरगी बोलत नाही. तिचं एकच म्हणणं, बाबा पुढच्या दुकानात गेले नाहीत. थकले आणि परत फिरले. मुद्दाम लांबच्या या दुकानात तिला घेऊन आलोय. ताई, तुम्ही तिला एकदा सांगा. तुमचं ऐकेल ती.

ताई आणि रंगारी दोघं बाहेर आली. तो मुलीपासून एक काठी लांब बसला आणि म्हणाला, विचार ताईंना, यांनीच सांगितलं होतं मला. मुलीनं मान वर केली नाही. खालीच बघत म्हणाली, की पुढच्या दुकानात त्याच दिवशी माल आला होता. शेजारच्यांनी तिथूनच आणला. मग कुठेच नव्हता म्हणजे काय?

सासूबाईंच्या सगळं ध्यानात आलं. ताईंनी तोंड उघडायच्या आत त्या दारातून म्हणाल्या, "नव्हता गं बाळ कुठे. सगळीकडे खडखडाट होता. काळच तसा होता, त्याला कोण काय करणार?" इतक्या मायेनं बोलल्या, की रंगाऱ्याचे डोळे भरले. त्यानं मुलीकडे बघितलं, की ऐकलंस ना. ऐकलं होतं, पण तिची मान खालीच. तिला हे ठाऊकच होतं, की मोठी माणसं एकमेकांना असंच सांभाळून घेतात.

ताईंना वाट मोकळी होती. गप्प राहायचं, बस. कोठीत जायचं आणि पुढच्या माणसाला हाक मारायची.

"होता," ताई म्हणाल्या. "पुढचं दुकान राहू दे. इथेच होता. मागच्या फळीवर. दुसऱ्या कुणासाठी ठेवला होता मी, आणि ते तर आधीच गेले होते, मला माहीत नव्हतं. तुझे बाबा थकले नव्हते. ते पुढे जाऊ का म्हणून विचारत होते. मीच घरी जा म्हणाले."

सासूबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि रस्त्याकडे तोंड केलं.

रंगारी ताईंकडे बघत राहिला. तो ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर ताईंना बरं वाटलं असतं. तो मुलीकडे वळला. "मी विचारलं होतं," म्हणाला. "पुढे जाऊ का म्हणून मी विचारलं होतं गं." पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

मुलगी उठली. आपली खुर्ची फरफटत तिनं बापाच्या खुर्चीला टेकवली. सासूबाईंनी अंतराबद्दल काही म्हटलं नाही. मुलीनं बापाची वर सारलेली बाही खाली केली, बटण लावलं. मग ताईंकडे पाहिलं, एकदाच, आणि ताईंनी नजर खाली घेतली.

"चला बाबा," मुलगी म्हणाली. "इथे बसायचं नाही."

रंगारी अर्धा उठला. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली, आणि तो पुन्हा खाली टेकला.

"पाव तास व्हायचाय अजून," तो म्हणाला. "ताईंनी बसायला सांगितलंय."

मुलगी त्याच्या शेजारी बसली. ताईंनी चादर बाजूला केली आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.