दाविदाचं लेकरू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने एकदा कंटाळा केला. जेवायची वेळ झाली होती, म्हणून ब्रेक न उघडताच त्याने तपासणीच्या कागदावर सही ठोकली. नवव्या दिवशी ती लिफ्ट कोसळली आणि इमारतीचा रखवालदार त्यात गेला. चौकशीत यंत्राचा दोष निघाला. मेकॅनिक सुटला, पण त्याच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्याने चर्चच्या पाळकांपाशी सगळं ओकलं. पाळक म्हणाले, "मनापासून पस्तावलास ना? मग देवाने क्षमा केली." बायकोला मात्र त्याने काही सांगितलं नाही.

वर्षभराने त्याची सहा वर्षांची लेक आजारी पडली. एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आता ती खाटेला खिळली. रक्ताचा आजार, आणि औषध लागू पडत नव्हतं. तरी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ती म्हणाली, "बाबा, ही कुरकुरतेय. तेल घाला ना हिला." तो हसला. तिला खाटेवर ठेवून बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

पाळक प्रार्थनेला आले तेव्हा त्याने त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला ठार करवलं. पस्तावला, तर देवाने त्याला माफ केलं. त्याचं लेकरू मात्र नेलं. असंच आहे ना?"

"आहे."

"मग ही दया कसली? आणि न्याय म्हणावा, तर मी धडधाकट आहे."

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षं बायबलातला हा अध्याय वाचतोय. मला तो उलगडलेला नाही. पण तुझी मुलगी तुझ्यामुळे आजारी आहे, असं मी म्हणणार नाही."

"तसं नाहीच, असं छातीठोक सांगा."

पाळक आत जाऊन भिंगरीच्या खाटेशी प्रार्थनेला बसले.

दुसऱ्या दिवशी तो रखवालदाराच्या विधवेकडे गेला. ती शिलाई मशीनवर बसली होती. उभ्या उभ्याच त्याने त्या सहीचं सांगितलं, लेकीचं सांगितलं, आणि म्हणाला, "ताई, तुम्ही माफ केलंत तर कदाचित..."

तिने मशीन थांबवलं. "माझ्या शब्दात एवढं बळ असतं, तर माझा माणूस आज घरी असता." मग म्हणाली, "पोरीवर माझा राग नाही. तिच्यासाठी हात जोडीन. तुमचं मला सांगता येत नाही. जा आता."

त्याने उपास केले. मला ने, तिला सोड, म्हणून देवाला विनवलं. उपासाच्या बाविसाव्या दिवशी सकाळी भिंगरी गेली.

दफनाच्या वेळी ती विधवा आली आणि मागे उभी राहिली. मेकॅनिकच्या बायकोला वाटलं, नवऱ्याकडची कुणी नात्यातली असेल. तिच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडली. "माझ्या लेकराने कुणाचं काय वाकडं केलं होतं हो?"

विधवेने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या डोक्यावरून मेकॅनिककडे पाहिलं. पाळकांनी बायबल उघडलं, आणि वाचण्याआधी पुन्हा चष्मा पुसला.