ताईचं कानातलं

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नसांवरचं आवरण झिजतं, पाय अडखळतात, बोटं बधिर होतात. त्यात मेंदूही वयाआधी म्हातारा होतो का, हे बघायला एक डॉक्टरीणबाई दरवर्षी आमच्या मेंदूचे फोटो काढायच्या. तुलनेला सख्खं, धडधाकट भावंड लागायचं, म्हणून ताई यायची. एरवी बोलावलं तर तिला मरायला फुरसत नाही. पण डॉक्टरांनी बोलावलं की बाई गाडी पकडून हजर! माझ्याकडे एक रात्र मुक्कामही करायची.

मशीनच्या खोलीत धातू चालत नाही. आत जाताना ती अंगठी, घड्याळ, कानातली माझ्या ओंजळीत द्यायची. लहानपणी हीच ताई मला तिच्या दागिन्यांच्या डब्याला हात लावू देत नसे.

यंदा आत जाण्याआधी डॉक्टरीणबाईंनी आमचे आधीचे फोटो शेजारी शेजारी दाखवले. मी त्रेचाळीसची, पण मेंदू साठीला टेकलेला. ताई एकावन्नची, मेंदूही तेवढाच.

"म्हणजे थोरली मी! आजपासून मला ताई म्हणायचं," मी म्हटलं.

"गप गं, चेटकिणी," म्हणत तिनं माझा हात घट्ट धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"आजचा फोटो शेवटचा," बाई म्हणाल्या. "अभ्यास संपला. आता यायची गरज नाही."

मेंदूचं मी हसण्यावारी नेलं होतं. हे मात्र तसं नेता येईना. आता ताई कशाला येतेय?

ती आत गेली. मशीनची ठकठक बाहेर ऐकू येत होती. मी एक कानातलं हळूच पर्समध्ये टाकलं.

यंदा तिला मुक्कामालाही वेळ नव्हता. बाहेर आल्यावर तिनं सगळं न बघताच पिशवीत कोंबलं आणि स्टेशन गाठलं. घरी येऊन मी रिकाम्या कॉटवर नवी चादर घातली. कानातलं शोधत ती येणारच, अशी माझी खात्री होती.

दोन दिवसांनी फोन आला. "अगं, माझं एक कानातलं तुझ्याकडे राहिलं का?"

"राहिलंय ना. ये की न्यायला. चार दिवस राहा."

"एवढ्यासाठी कुठे येऊ? बोटं बधिर गं तुझी, निसटलं असेल. तुझा काय दोष! कुरिअरनं पाठव."

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवला, आणि कॉटवरची चादर काढून घडी करायला घेतली.